बिनदिव्याचा राउटर

आपण मघापासून कुणाशीच बोलत नाही आहोत, हे उज्ज्वलाच्या ध्यानात आलं तेव्हा तिचं वाक्य अर्ध्यावर होतं. पलीकडे वलसाडचा कुणी माणूस होता. त्याची बायको दवाखान्यात, विम्याची मंजुरी अडकलेली. सुरुवातीला तो तिच्यावर तोंडाला येईल ते ओरडला आणि मग एकाएकी शांत झाला. दमला असेल बिचारा, असं वाटून उज्ज्वलानं आवाज खाली आणला आणि ती त्याला गुजरातीत समजावत राहिली. कुठला कागद राहिलाय, तो दवाखान्यात कुणाकडे मागायचा, मंजुरी साधारण कधीपर्यंत येते. कंपनीनं शिकवलेलं सगळं सांगून झाल्यावरही तिला थांबवेना. भाऊ, तुम्ही काही खाल्लंय का, असंही तिनं विचारलं. बाईंच्या उशाशी जाऊन बसा, माणूस जवळ दिसलं की आजाऱ्याला बरं वाटतं, कागदांचं मी बघते. बऱ्याच वर्षांत ती कुणाशी इतक्या जिव्हाळ्यानं बोलली नव्हती. मग पडद्याच्या कोपऱ्यात तिला ते गरगर फिरणारं चाक दिसलं. लाईन गेली होती, आणि ती आत्ता गेलेली नव्हती. पुन्हा आली तेव्हा त्या माणसाला पुण्यातल्या कुणीतरी चार वाक्यांत वाटेला लावलं होतं, आणि उज्ज्वलाच्या नावापुढे 'संपर्क तुटला' एवढाच शेरा पडला होता. एकटीच बडबडताना कुणी पाहावं तशी ती ओशाळली. खोलीत तर कुणीच नव्हतं.

लाईन जाण्याचं तिला काही नवं नव्हतं. लॉकडाऊनमध्ये हे घरून काम करणं सुरू झालं तेव्हा महिन्यातून एखाद्या वेळी जायची, त्याचं कुणाला काही वाटत नसे, कारण तेव्हा सगळ्यांचीच जायची. गेल्या वर्षापासून कंपनीनं नवी पद्धत आणली. बोलता बोलता ग्राहकाचे कागदही पडद्यावर उघडायचे, स्वतःचा कॅमेरा चालू ठेवायचा, आणि कुठे तिसरीकडे कुणी ऐकत असेल त्याचंही भान ठेवायचं. तेव्हापासून लाईन रोजच तुटू लागली, आणि तीही नेमकी कामाच्या ऐन गर्दीत. दुपारी सुस्ती असते तेव्हा तासन्तास ठणठणीत. सकाळी कॉलवर कॉल येऊ लागले की गेलीच. तिच्या टीमची प्रमुख जागृती, पुण्याची, उज्ज्वलापेक्षा वयानं बरीच लहान, तिनं आधी गोड बोलून पाहिलं, मग सगळ्यांना एकच मेसेज टाकला. ज्यांची लाईन स्थिर नाही त्यांनी पुढच्या महिन्यापासून पुण्याच्या ऑफिसात येऊन बसायचं. त्याआधी एक संधी म्हणून गुरुवारी पूर्ण सकाळ तपासणी होईल. खाली हसरा चेहरा काढला होता. उज्ज्वलानं तो मेसेज वाचला आणि उशिरानं तिला कळलं, की आपण वाचताना वरच्या मजल्यावरून खाली वडिलांच्या, आबांच्या, खोकल्याचा कानोसा घेतोय.

पुणं म्हणजे आबांना सोडणं, तिच्या पगारात तिथे दोघांची खोली बसत नव्हती. सुरतेतल्या भेस्तानच्या या सोसायटीतलं घर म्हणजे खाली एक खोली आणि स्वयंपाकघर, वर एक खोली आणि पत्र्याची गच्ची. आई, कलाबाई, लॉकडाऊनच्या आदल्या वर्षी गेली. उज्ज्वला त्याच्या कितीतरी आधी धुळ्याचं सासर सोडून परत आली होती. तिकडचं नांदणं जमलं नाही, आणि का जमलं नाही ते आता तिला स्वतःलाही नीट आठवत नसे. राहता राहिले सुकलाल, तिचे आबा. अमळनेरकडचं गाव सोडून तरुणपणी सुरतेला आले आणि जन्मभर कापडाच्या लूमवर उभे राहिले. लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, जो उभा राहतो त्याचे कान खातं ठेवून घेतं. आबांचे डावा-उजवा दोन्ही गेले. कानाला मशीन लावून पाहिलं, तर त्यात त्यांना फक्त घरघर ऐकू यायची आणि ते मशीन काढून खिशात ठेवायचे. पण बाकीच्या जगाचं काही असो, उज्ज्वलाचं त्यांना सगळं कळायचं. लहानपणी आईनं दिलेला डबा घेऊन ती खात्यात जायची, तिथे कुणी कुणाशी आवाजानं बोलत नसे. ओठ हलवायचे आणि बोटं. तार, म्हणजे लूमवरचा धागा, तुटला, मास्तरला बोलव, चहा, पोरगी आली. ती भाषा तिला तिथेच आली. अजूनही घरात ती आबांशी बोलताना आवाज काढत नाही, नुसते ओठ हलवते, आणि ते तिच्या तोंडाकडे बघत उत्तर देतात. दिवसभर चेहरा माहीत नसलेल्या लोकांना आवाज द्यायचा आणि संध्याकाळी आबांना आवाज नसलेला चेहरा, अशी तिची वाटणी होऊन गेली होती. यात थकण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. पण जिभेच्या मुळाशी, गळ्यात, खांद्यांत ते होतं, आणि झोपूनही जात नसे.

आबांना गावाला पाठवा, असं सगळे म्हणत. आबांचा धाकटा भाऊ दगा, तिचा दगाकाका, दर दिवाळीला म्हणे, दर लग्नात म्हणे. गावात घर आहे, ओटा आहे, जुनी माणसं आहेत, सुरतेच्या चार भिंतींत बहिऱ्या माणसानं काय बघत बसायचं. आबा मान हलवत. "आठे काम सोडीसन कसा येऊ?" असं अहिराणीत म्हणत, इथलं काम सोडून कसा येऊ, आणि बाकीचे तोंड फिरवून हसत, कारण लूमच्या शेठनं लॉकडाऊनमध्ये जुने लूम भंगारात काढले तेव्हाच आबांचं काम संपलं होतं. उज्ज्वला हसत नसे. तिला कळायचं, की म्हातारा आपल्यासाठी थांबलाय आणि ते तोंडानं म्हणायला लाजतोय. तेवढ्या एका गोष्टीवर ती उभी होती. म्हणून मग तिनं राउटरचा ध्यास घेतला. ध्यास हा शब्द फार झाला, पण दुसरा काय म्हणणार. भाजी शिजताना, बसमध्ये, रविवारी कपडे वाळत घालताना मधेच थांबून ती फोनवर राउटरबद्दल वाचत राही. दोन अँटेना, चार अँटेना, सहा अँटेना. भिंतीतून जाणारा लहरींचा पट्टा आणि न जाणारा पट्टा. कुणी अनोळखी माणसानं लिहिलेलं असे, की हा घेतला आणि आयुष्य बदललं. त्याच्याच खाली दुसऱ्यानं लिहिलेलं, की दोन महिन्यांत बंद पडला, कुणी घेऊ नका. ती दोघांवरही विश्वास ठेवायची. आपल्यासारखेच कुठल्या कुठल्या खोलीत बसलेले हे लोक, यांचंही बोलणं मधेच तुटत असणार, असं वाटून तिला त्यांच्याविषयी उगाच आपुलकी दाटून येई आणि मग त्या आपुलकीचाच कंटाळा येई.

एक राउटर कंपनीनं दिलेला होता, तो तिनं पहिल्यांदा बदलला. दुसरा चार अँटेनांचा, मागवून घेतलेला, तो जिन्याच्या पायथ्याशी भिंतीवर टांगला होता, कारण खांबावरून येणारी वायर तिथेच आत शिरत होती. वायरवाला येऊन गेला. त्यानं यंत्र लावून पाहिलं, खांबावर चढला, उतरला, आणि म्हणाला, "लाईन तो एकदम चोखी है बेन, प्रॉब्लेम आपके घर में है." ते वाक्य उज्ज्वलाला लागलं, आणि कुठे लागलं ते तिनं शोधलं नाही. शेजारच्या गल्लीतल्या वॉटरजेट लूमनं जमीन थरथरते, त्यानं असेल, मिलच्या बाजूनं येणाऱ्या धुळीनं असेल, पत्र्यानं असेल. तिनं राउटर थोडा वर टांगला, मग थोडा खाली. लाईन गेली की ती हेडफोन गळ्यात टाकून धडाधड जिना उतरायची. तोवर राउटरचे दिवे पुन्हा एकेक करून लागत असायचे, आणि समोर खाटेवर बसलेले आबा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर पिळून तळहात पुढे करायचे. खात्यातली जुनी खूण. तार जोडला, चालू. त्यांना दिव्यांवरून कळतं आणि ते आपल्याला धीर देतात, असं समजून तीही मान हलवायची आणि पुन्हा वर जायची. दसऱ्याला त्यांनी राउटरला हळदकुंकू लावलं होतं, झेंडूचं फूल खोचलं होतं. तिला तेव्हा हसू आलं होतं आणि बरंही वाटलं होतं.

वलसाडच्या माणसाच्या कॉलनंतर दुसऱ्या दिवशी तिचा घसा बसला. सकाळचे कॉल जोरात सुरू होते, पण दोन कॉलांच्या मधल्या फटीत पाणी आणायला म्हणून ती पायात चप्पल न घालता खाली आली. जिन्याच्या वळणावर तिला आबा दिसले. ते राउटरसमोर उभे होते. दिवे फार भरभर लवलवत होते, वर तिच्या पडद्यावर पुढच्या कुणाचे तरी कागद उघडत होते त्याचेच ते दिवे. आबांनी पायजम्याला हात पुसले. उजव्या हाताची बोटं राउटरला लावून कपाळाला लावली, जसे ते पाळी सुरू होताना लूमला लावायचे. मग खालचं बटण बंद केलं. सगळे दिवे गेले. त्यांनी भिंतीतून येणारी वायर दोन बोटांत धरली आणि वरपासून खालपर्यंत हळूहळू चाचपत आणली, मधेच एका जागी थांबून नखानं काहीतरी काढलं, फुंकर मारली. घाई नव्हती. कामात मुरलेल्या माणसाची ती सावकाशी उज्ज्वलानं लहानपणी डबा मांडीवर ठेवून पुष्कळ बघितली होती. मग त्यांनी बटण चालू केलं, दिवे एकेक करून लागेपर्यंत मान वर करून वाट बघितली, आणि खाटेवर जाऊन बसले. तिच्या गळ्यातल्या हेडफोनमधून लाईन परत आल्याचं टिंग वाजलं. आबांचं लक्ष तिच्याकडे गेलं. त्यांनी अंगठा आणि तर्जनी पिळली, तळहात पुढे केला.

ती उरलेल्या पायऱ्या उतरून त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली. "आबा, हाई तुम्ही करतस?" तिनं ओठांनी विचारलं. रोज? "रोज," आबा म्हणाले, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात. "दिवा लवलव करस म्हंजे तार तुटेल शे. मी बंद करस, जोडस, चालू करस. तू वर. आठे मशीनजोडे कोन शे?" शेवटच्या वर्षांत शेठनं वॉटरजेट आणले होते, त्यांच्या डोक्यावर दिवा असायचा. तार तुटला की दिवा लवलवायचा, आणि दिवा लवलवला की हातातला चहा तसाच ठेवून धावायचं, कारण तुटलेल्या तारावर मशीन चाललं तर कापड खराब होतं आणि कापड खराब झालं की माणसाची लाज जाते. हे तिला माहीत होतं. "चालू मशीन एकलं सोडतस का?" आबांनी विचारलं, आणि त्यांना उत्तराची गरज नव्हती. उज्ज्वलाच्या डोक्यात सणक गेली. गेलं अख्खं वर्ष, जागृतीची बोलणी, लोकांच्या शिव्या, ते वायरवाल्याचं वाक्य, सहा अँटेना, सगळं एकदम वर आलं आणि या माणसाला गदागदा हलवावंसं तिला वाटलं. आणि त्याच क्षणी तिला हेही दिसलं, की दगाकाकाला ते 'आठे काम सोडीसन कसा येऊ' म्हणत तेव्हा ते अगदी खरं बोलत होते. आबा कामावर होते. पाळी बदलायलाही कुणी नव्हतं. वर कॉल वाजत होता, ती उठून गेली.

दुपारी जेवण झाल्यावर ती उधन्याला गेली. खरं सांगायचं तर रिक्षात तिनं पुष्कळ वाक्यं जुळवून पाहिली. आबा, तो दिवा तुटल्याचा नसतो, चालल्याचा असतो. आबा, दिवा लवलवला की समजायचं तुमच्या पोरीचं काम जोरात चाललंय. यापुढचं वाक्य आपोआप येत होतं, की म्हणजे इतके दिवस तार तुम्हीच तोडत होता, आणि तिथे आल्यावर तिची वाक्यं संपत. जन्मभर ज्यानं तुटलेले तार जोडले त्याला हे कुणी सांगायचं. ते तिला जमणार नव्हतं. तिला एवढंच हवं होतं, की गुरुवार निभावावा, पुणं टळावं आणि आबा आपल्याजवळ राहावेत, आणि कुणाला काही कळू नये. दुकानात शिरताना तिच्याकडे कागदावर लिहून आणलेली तीन नावं होती, अँटेना, पट्टे, वेग, सगळं पाठ. दुकानदारानं काचेवर खोकी मांडली आणि एकेकाचे गुण सांगू लागला. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "भाई, यात लाईट नसलेला कुठला आहे?" दिवाच नसेल तर चालू आहे हे कळायचं कसं, हे त्याला समजेना. "लाईट वगरनुं? बेन, लाईट ना होय तो खबर केवी रीते पडे के चालु छे?" उज्ज्वला म्हणाली, "मला खबर पडायला नकोय." तो आतून एक पांढरं गोल खोकं घेऊन आला. यातले दिवे फोनमधून बंद करता येतात, हवे तेव्हा पुन्हा चालू. ताकदीला कसा आहे, वरच्या मजल्यावर पोचतो का, टिकतो का, यातलं तिनं काहीच विचारलं नाही. महिनाभर वाचलेलं सगळं त्या काचेवर सोडून ती बाहेर आली. उन्हात मिलच्या रंगाचा तो आंबूस वास होता, आणि तिला आत कुठेतरी हलकं वाटत होतं, ज्याची तिला शरम वाटली.

नवा राउटर तिनं जुन्याच खिळ्यावर टांगला. आबा शेजारी उभे राहून बघत होते. त्यांनी सवयीनं हात पुसले, बोटं त्या पांढऱ्या पाठीला लावून कपाळाला लावली, आणि वाट बघत राहिले. "हाऊ ते बंद शे," ते म्हणाले. "नही, चालू शे," उज्ज्वलाचे ओठ म्हणाले. "दिवा?" "याले दिवा नही, आबा." ते वाकून खालून, बाजूनं, मागून बघून आले. "मंग तार तुटना ते कसं समजी?" "तुटत नही याना तार," ती म्हणाली. आबांनी थोडा वेळ तिच्या ओठांकडे बघितलं, नीट कळलं नाही म्हणून पुन्हा सांगेल अशा आशेनं. तिनं पुन्हा सांगितलं नाही. "याले मानूस लागत नही?" त्यांनी विचारलं. साधा प्रश्न होता, आवाजही साधाच होता. "नही लागत," उज्ज्वला म्हणाली. आबांनी मान हलवली. ही मान तिनं एकदा पाहिली होती. शेठनं माणसं कमी करायची म्हणून बोलावलं होतं तेव्हा, गेटाबाहेर ती त्यांना न्यायला उभी होती आणि ते बाहेर येऊन असेच मान हलवून म्हणाले होते, की चल, घरी जाऊ, चहा पिऊ.

त्यानंतर लाईन एकदाही गेली नाही. सकाळच्या गर्दीत कागदांवर कागद उघडत होते आणि उज्ज्वलाचं बोलणं अखंड चालू होतं, लोक पूर्ण ऐकून घेत होते, आभार मानत होते. तिला सवयीनं मधेच थांबावंसं वाटे, कुणी आहे ना म्हणून विचारावंसं वाटे. होते, सगळे होते. खाली आबा खाटेवर बसून असत. सुरुवातीला ते अधूनमधून उठून राउटरपर्यंत जात, हात मागे बांधून उभे राहत आणि परत येत. नंतर ते उठेनासे झाले. जेवताना ते तिच्या तोंडाकडे बघायचे कमी झाले, त्यामुळे ती बोलली तरी बरंचसं वाया जाई. बुधवारी ताट धुऊन ठेवल्यावर ते म्हणाले, "दगाले फोन लाव. सांग, मी गावले येस." तिला वाटलं आपणच चुकीचं ऐकलं. "काब्र?" तिनं त्यांच्या दंडाला हात लावून त्यांना आपल्याकडे वळवलं. "काब्र जातस, आबा?" आबा शांत होते. रागावले असते तर बरं झालं असतं. "आठे काम व्हतं तवलोंग ऱ्हायनू," ते म्हणाले. "आते मशीन एकलं चालस. आते तुले कसानी काळजी?" फोन तिलाच लावावा लागला, कारण आबांना फोनवर ऐकू येत नाही. तिकडून दगाकाकाचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा स्वच्छ आला. "भाऊले खरंच येवानं शे का? इतला वरीस बलाई ऱ्हायनू मी," तो म्हणत राहिला, त्याचा आनंद त्याला आवरत नव्हता. भेस्तानला नात्यात काम होतंच, उद्या येऊन घेऊनच जातो म्हणाला. उज्ज्वला हो म्हणाली.

त्या संध्याकाळी ती बराच वेळ फोन हातात घेऊन गच्चीच्या पायरीवर बसली होती. पडद्यावर राउटरचं पान उघडं होतं, त्यात दिव्यांच्या नावासमोर एक छोटी गोळी, बोटानं सरकवली की झालं. सरकवली की खाली भिंतीवर दिवा लवलवणार, आबा हात पुसून उठणार, आणि दगाकाकाला सांगणार की आत्ता नाही जमत, काम आहे. आणि उद्या सकाळी जागृती ऐकत असताना लाईन तुटणार, मग पुणं. पुण्याला गेल्यावर आबा काय इथे एकटे राहणार होते? तिनं दोन्हीकडून हिशोब करून पाहिला आणि दोन्हीकडून आबा जातच होते. मग तिनं मधला मार्ग काढला. दमलेली माणसं काढतात तसा. तपासणी दुपारपर्यंत संपेल. दगाकाका जेवून-बिवून निघेल, त्याला काय घाई आहे. दुपारी दिवा चालू करायचा, खाली जाऊन म्हणायचं की आबा, बघा, बिघडलं हे पण, तुमच्यावाचून चालत नाही. हे वाक्य तिला आवडलं. ते खरं होतं हेही तिच्या ध्यानात आलं, आणि इतकी वर्षं ते एकदाही, आवाजानं की आवाजाशिवाय, आपण त्यांना म्हटलं नाही हेही. उद्या म्हणू. तिनं पान मिटलं.

गुरुवारी सकाळी जागृती सुरुवातीपासूनच लाईनवर होती. तिनं आवाज बंद ठेवला होता, फक्त तिचं नाव पडद्याच्या कडेला दिसत होतं. लागोपाठ कॉल येत होते. नंदुरबारकडची एक बाई, तिची आई दवाखान्यात, तिला काहीच कळत नव्हतं आणि ती रडता रडता सारखी तेच ते विचारत होती. उज्ज्वला तिला एकेक कागद समजावून सांगत होती. तेवढ्यात खाली दार वाजल्याचं, दगाकाकाच्या चपलांचं आणि त्याच्या मोठ्या आवाजाचं तिला ऐकू आलं. इतक्या लवकर. काका गाडीची काहीतरी वेळ सांगत होता, आबांना नव्हे, स्वतःलाच. थोड्या वेळानं जिन्यावर पावलं वाजली. आबा तिच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी, हातात ती चेनची पिशवी, जिच्यात आईच्या दवाखान्याच्या वेळी कपडे भरून नेले होते. उज्ज्वलाचा हात आपोआप वर गेला, थांबा, म्हणून. त्यांनी पिशवी खाली ठेवली. तिच्या कानावरचा हेडफोन, तिचे हलणारे ओठ, पडद्यावरचे भराभर उघडणारे कागद, सगळं त्यांनी नीट बघून घेतलं, कुणी लायक माणूस मशीनवर उभा आहे ना हे बघावं तसं. मग समाधानानं तळहात पुढे करून खालीवर हलवला. चालू दे. चालू मशीन सोडून कुणी निरोपाला उठत नाही, हे त्यांनीच तर तिला शिकवलं होतं. त्यांनी पिशवी उचलली आणि पाठ फिरवली.

त्या बाईला थांबवून उठता आलं असतं. उज्ज्वलाला ते माहीत होतं, आणि पुढेही ते कायम माहीत राहणार होतं. पण त्या एवढ्याशा वेळात तिनं उठण्याऐवजी लाईनकडे बघितलं. आता तुटेल. रोज तुटायची, याच वेळेला, अशाच गर्दीत. आता तुटली की हे सगळं आपोआप गप्प होईल, आपल्याला काही ठरवावं लागणार नाही, आपण धावत जिना उतरू आणि आबा समोर असतील. तिनं मनापासून वाट बघितली. कागद उघडत राहिले. बाईचं रडणं, मधला हुंदका, तिच्या मागे दवाखान्यात कुणाला तरी मारलेली हाक, सगळं जसंच्या तसं येत राहिलं. कडेला जागृतीनं आवाज चालू केला आणि फक्त उज्ज्वलाला ऐकू जाईल असं म्हणाली, "उज्ज्वला, आज एकदम क्लिअर आहे हं. काही टेन्शन घेऊ नकोस." खाली दार लागलं. आबांना पाठीमागून हाक मारून उपयोग नसतो. समोर जावं लागतं, तेव्हाच त्यांना ऐकू येतं. रिक्षा सुरू झाली, गल्लीच्या तोंडाशी जरा थांबली आणि वळली. "हॅलो," ती बाई घाबरून म्हणत होती, "मॅडम, हॅलो, तुम्ही गप्प झाल्या. माझं ऐकू येतंय ना?"

"येतंय ताई," उज्ज्वला म्हणाली. "सगळं ऐकू येतंय. बोला."